दहा पॉइंट दोन

अकरावीच्या छत्तीस वह्या तपासल्या.
पस्तिसांत गुरुत्व त्वरण नऊ पॉइंट आठ,
दोन वह्यांत तर आठच्या पुढे एकही,
जणू हर्णैच्या किनाऱ्यावर पृथ्वी
पुस्तक वाचून मगच ओढते.

एक वही वेगळी. नफीसा बुरोंडकर.
वीस आंदोलनांना लागलेला वेळ, सेकंदांत:
१९.७, १९.६, १९.७.
उत्तर दहा पॉइंट दोन.
खाडाखोड नाही, रबराचा डाग नाही.
लाल पेनचं टोपण काढलं
आणि तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, पुन्हा कर, माझ्यासमोर.
तिनं आधी पंखा बंद केला.
बंदराकडची खिडकी ओढून घेतली,
कडी खाऱ्या वाऱ्यानं गंजलेली,
म्हणून फटीत डस्टर खुपसला.
गोळा बाजूला नेऊन नुसता सोडला, ढकलला नाही.
मधून जाताना मोजायचं, सर,
टोकाला तो रेंगाळतो, तिथं डोळा फसतो.
हे मीच शिकवलं होतं म्हणे.
मला आठवत नव्हतं.

पुन्हा १९.७.
पुन्हा दहा पॉइंट दोन.
एकाच जागी इतक्यांदा चुकायला
हात फार स्थिर लागतो.

मग तिनं मीटरपट्टी उचलली,
लाकडी, मधोमध पॉलिश उडालेली,
आणि तिचं तोंड बोटानं चाचपलं,
बांगड्याचा कल्ला उघडून ताजेपणा बघावा तसं.
सर, हिचा शून्य कुठाय?

शून्य वाळवीनं खाल्लेला.
पट्टी एकपासून सुरू होत होती
आणि आख्खा वर्ग कडेला दोरा लावून
चोवीस सेंटिमीटरला पंचवीस म्हणत होता.
म्हणजे दहा पॉइंट दोन
हेच त्या पट्टीचं प्रामाणिक उत्तर.
पस्तीस जणांना ते आलंच असणार.
आलं, आणि त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

नफीसाला विशेष काही वाटलं नाही.
म्हणाली, आमचे चाचा दोरीनं पाणी मोजतात.
शिसं तळाला टेकलं की दोरी वर घ्यायची,
हात पसरून वाव मोजत.
त्यांचे हात आखूड.
ते दहा म्हणाले की अब्बा नऊ धरतात.
भांडत नाहीत.
चाचा कधी दहा, कधी आठ म्हणाले असते
तर मात्र अवघड होतं.

ती घंटा झाल्यावर गेली.
मी पट्टी उलटी केली.
पाठीवर शाळेचं नाव, अर्धं पुसलेलं,
त्याखाली कर्कटकाच्या टोकानं कोरलेलं ‘अ. शि.’

अनंत शिगवण. एक्क्याण्णव साल, हेच टेबल.
माझ्या वहीत नऊ पॉइंट आठ होतं,
शेजारी निळ्या शाईत ‘उत्तम’.
वाळवी माझ्यानंतर लागली असेल,
अशी समजूत घालून पाहिली.
पण खाल्लेल्या खड्ड्यांतही तेच जुनं पॉलिश मुरलेलं,
म्हणजे कुणीतरी खाल्लेल्या पट्टीलाच
चकचकीत करून आमच्या हाती दिलं होतं.

तेव्हा माझा खरा आकडा किती आला होता?
खोडलेलं आठवायला आधी लिहिलेलं असावं लागतं.
मला गोळ्याचा रंग आठवतो,
खिडकीतून येणारा सुक्या बोंबलांचा वास आठवतो,
जोडीदार मनोहर पेवेकर, त्याची तुटलेली चप्पल.
झोका एकही आठवत नाही.

शाळा सुटली. शिपाई कुलूप घेऊन दोनदा डोकावला.
पट्टीवर लाल शाईनं लिहिलं: एक वजा करा.
पस्तीस वह्या तशाच ठेवल्या,
त्यांचं काय करायचं ते उद्या.
पंखा बंद केला. डस्टर फटीत खुपसला.
खाली लिलाव सुरू झाला होता,
बोली ऐकत मी झोके मोजू लागलो.

१९.९.
मग १९.४.

पुन्हा सोडला.